पोत्यावरील टक्के आणि पदार्थाचे सूत्र

प्रास्ताविक

कृषि सेवा केंद्रात झिंक सल्फेट या एकाच नावाची दोन प्रकारची पोती पुष्कळदा शेजारी शेजारी ठेवलेली आढळतात. एकावर जस्त २१ टक्के असे छापलेले असते, तर दुसऱ्यावर ३३ टक्के. नाव एक, रंग पांढरा, दोन्हींत जस्त व गंधक हीच द्रव्ये. मग टक्क्यांत एवढा फरक का? दोहोंपैकी कोणते घ्यावे व शेतात किती घालावे? शेतकऱ्याने असा प्रश्न केला असता गावपातळीवरील कार्यकर्त्याला त्याचे उत्तर देता आले पाहिजे, आणि ते केवळ पाठ केलेले नसून समजून दिलेले असावे.

हे उत्तर पदार्थाच्या रासायनिक सूत्रात दडलेले असते. सूत्र म्हटले की ते मोठ्या शास्त्रज्ञांचे काम, अशी आपली समजूत असते. वस्तुतः पदार्थाचे वजन करणे आणि साधा भागाकार करणे, एवढ्या दोन गोष्टींवरून ते काढता येते. प्रयोगात मिळालेल्या वजनांवरून काढलेल्या अशा सूत्रास प्रायोगिक सूत्र म्हणतात. ते कसे काढावे व शेतीच्या व्यवहारात त्याचा उपयोग काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

वजन आणि संख्या

फ्रान्समधील रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रूस्त यांनी १७९९ मध्ये ताम्र कार्बोनेटाच्या अभ्यासावरून असे दाखविले की, हा पदार्थ खाणीतून मिळो वा प्रयोगशाळेत तयार होवो, त्यातील मूलद्रव्यांचे वजनी प्रमाण एकच असते. हे असे का असावे, याचा उलगडा इंग्लंडमधील जॉन डाल्टन यांच्या १८०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अणुसिद्धांताने झाला. मूलद्रव्ये अणूंची बनलेली असतात, प्रत्येक मूलद्रव्याच्या अणूचे वजन ठरलेले असते, आणि संयुग होताना अणू पूर्ण संख्येत एकत्र येतात. अर्धा अणू कोणत्याही संयुगात नसतो.

वजनावरून संख्या कशी कळते, हे घरगुती उदाहरणाने पाहू. एका टोपलीत २० किलो नारळ आहेत व २ किलो लिंबे आहेत. वजन पाहता नारळ दहापट दिसतात. परंतु एक नारळ ५०० ग्रॅमचा व एक लिंबू ५० ग्रॅमचे असेल, तर दोन्ही नग चाळीस-चाळीसच भरतात. म्हणजे वजनाचे प्रमाण दहास एक असले, तरी संख्येचे प्रमाण एकास एक आहे. एकूण वजनाला एका नगाच्या वजनाने भागले की नगांची संख्या मिळते. रसायनशास्त्रात एका नगाच्या वजनाच्या जागी अणुभार घ्यावयाचा, एवढाच काय तो फरक.

या लेखापुरते पुढील अणुभार लक्षात ठेवावेत : हायड्रोजन १, कर्ब १२, नत्र १४, ऑक्सिजन १६, स्फुरद ३१, गंधक ३२, कॅल्शियम ४०, तांबे ६३.५, जस्त ६५.४. पाण्यात हायड्रोजनाचे दोन व ऑक्सिजनाचा एक अणू असल्यामुळे पाण्याचा रेणुभार १८ होतो.

हिशेबाच्या चार पायऱ्या

१. पदार्थात प्रत्येक मूलद्रव्य किती ग्रॅम अथवा किती टक्के आहे, ते प्रयोगाने ठरवावे. टक्के दिले असल्यास पदार्थ १०० ग्रॅम घेतला असे समजावे.

२. प्रत्येक मूलद्रव्याच्या वजनास त्याच्या अणुभाराने भागावे.

३. आलेल्या भागाकारांत जो सर्वांत लहान असेल, त्याने सर्व भागाकारांस भागावे.

४. उत्तरे पूर्णांकाच्या अगदी जवळ असतील, तर ते पूर्णांक घ्यावेत. एखादे उत्तर दीड, अडीच अथवा सव्वा असे आल्यास ते जवळच्या पूर्णांकात ढकलू नये. सर्व उत्तरांस २, ३ किंवा ४ यांपैकी योग्य त्या संख्येने गुणावे.

उदाहरण पहिले : युरिया

युरियासारखा पदार्थ तांब्याच्या ऑक्साइडाबरोबर तापवून जाळला असता त्यातील सर्व कर्बाचा कर्ब-द्विप्राणिल वायू होतो व सर्व हायड्रोजनाचे पाणी होते. हे दोन्ही निरनिराळ्या नळ्यांत शोषून त्यांचे वजन करतात. ही पद्धत जर्मनीतील युस्टुस लीबिग यांनी १८३१ मध्ये सुधारून सुलभ केली. नत्राचे मापन योहान केल्डाल यांच्या १८८३ मधील पद्धतीने करता येते. तीत नत्राचा अमोनिया करून तो मोजतात.

समजा, ०.६०० ग्रॅम शुद्ध युरिया जाळला असता ०.४४० ग्रॅम कर्ब-द्विप्राणिल वायू व ०.३६० ग्रॅम पाणी मिळाले, आणि वेगळ्या परीक्षणात तेवढ्याच युरियात ०.२८० ग्रॅम नत्र आढळला.

सदर वायूच्या ४४ भागांत १२ भाग कर्ब असतो. म्हणून कर्ब = ०.४४० × १२ ÷ ४४ = ०.१२० ग्रॅम. पाण्याच्या १८ भागांत २ भाग हायड्रोजन असतो. म्हणून हायड्रोजन = ०.३६० × २ ÷ १८ = ०.०४० ग्रॅम. कर्ब, हायड्रोजन व नत्र मिळून ०.४४० ग्रॅम झाले, उरलेले ०.१६० ग्रॅम ऑक्सिजन होय. आता अणुभाराने भागू :

कर्ब : ०.१२० ÷ १२ = ०.०१०
हायड्रोजन : ०.०४० ÷ १ = ०.०४०
नत्र : ०.२८० ÷ १४ = ०.०२०
ऑक्सिजन : ०.१६० ÷ १६ = ०.०१०

सर्वांत लहान भागाकार ०.०१० हा आहे. त्याने भागता कर्ब १, हायड्रोजन ४, नत्र २, ऑक्सिजन १ असे प्रमाण मिळते. हेच युरियाचे प्रायोगिक सूत्र होय.

सूत्र हाती आले म्हणजे उलट हिशेब करता येतो. १२ + ४ + २८ + १६ मिळून ६० होतात व त्यांपैकी २८ भाग नत्र आहे. म्हणजे शुद्ध युरियात शेकडा ४६.७ नत्र असला पाहिजे. पोत्यावर मात्र ४६ टक्के छापलेले असते, कारण कारखान्यात तयार झालेल्या मालात थोडा ओलावा व बाययुरेटासारखी अशुद्धी असते, आणि खत नियंत्रण आदेश, १९८५ यात किमान प्रमाण ४६ टक्के ठरविलेले आहे. यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. युरियात ४६.७ टक्क्यांहून अधिक नत्र असणे शक्यच नाही. कोणी पन्नास टक्के नत्राचा युरिया म्हणून माल विकू लागला, तर प्रयोगशाळेत जाण्यापूर्वीच ते म्हणणे खोटे ठरते.

उदाहरण दुसरे : मोरचुदातील पाणी

मोरचूद आपल्या परिचयाचे आहे. १८८५ मध्ये फ्रान्समधील बोर्डो येथे मिलार्दे यांनी द्राक्षांवरील केवडा रोगासाठी मोरचूद व चुना यांच्या मिश्रणाचा उपयोग प्रसिद्ध केला. नाशिककडील द्राक्षबागांत व कोकणातील सुपारीच्या बागांत तेच बोर्डो मिश्रण आजही फवारतात. मोरचुदाचे निळे खडे हाताला कोरडे लागतात. परंतु त्यांत वजनाच्या एक-तृतीयांशाहून अधिक पाणी असते. पुढील प्रयोगाने ते सिद्ध करता येते.

हा प्रयोग शाळेच्या अथवा प्रशिक्षण केंद्राच्या प्रयोगशाळेत जाणकाराच्या देखरेखीखाली करावा. मोरचूद विषारी असल्यामुळे स्वयंपाकाचे कोणतेही भांडे वापरू नये. चिनी मातीची स्वच्छ मूस तापवून, थंड करून तोलावी. तीत मोरचुदाची भुकटी घालून पुन्हा तोलावी. नंतर मंद आचेवर, हळूहळू आच वाढवीत, निळा रंग पूर्ण जाऊन पांढरी भुकटी होईपर्यंत तापवावी. मूस कोरड्या झाकलेल्या भांड्यात थंड करून तोलावी. पुन्हा थोडा वेळ तापवून पुन्हा तोलावी. लागोपाठच्या दोन वजनांत फरक पडेनासा झाला, म्हणजे सर्व पाणी गेले असे समजावे. आच फार तीव्र करू नये, नाहीतर भुकटी काळी पडते व उग्र वायू निघतो. अशा वेळी पाण्याखेरीज गंधकाचा अंशही जात असल्यामुळे हिशेब चुकतो.

समजा, वजने पुढीलप्रमाणे मिळाली :

रिकामी मूस : २४.३० ग्रॅम
मूस व निळे मोरचूद : २९.३० ग्रॅम
मूस व पांढरी भुकटी : २७.५० ग्रॅम

म्हणजे मोरचूद ५.०० ग्रॅम, पांढरी भुकटी ३.२० ग्रॅम व उडून गेलेले पाणी १.८० ग्रॅम. पांढऱ्या भुकटीच्या पृथक्करणात तांबे ३९.८, गंधक २०.१ व ऑक्सिजन ४०.१ टक्के मिळतो. चार पायऱ्यांचा हिशेब केला असता तांबे १, गंधक १, ऑक्सिजन ४ असे तिचे सूत्र येते व त्यावरून तिचा सूत्रभार ६३.५ + ३२ + ६४ = १५९.५ होतो. आता :

पांढरी भुकटी : ३.२० ÷ १५९.५ = ०.०२००६
पाणी : १.८० ÷ १८ = ०.१०००

दुसऱ्यास पहिल्याने भागता ४.९८, म्हणजेच ५ येतात. मोरचुदात ताम्र सल्फेटाच्या एका भागास पाण्याचे पाच रेणू असतात. थंड झालेल्या पांढऱ्या भुकटीवर पाण्याचा थेंब टाकला असता ती उष्ण होऊन पुन्हा निळी होते. गेलेले पाणी परत आल्याची ती खूण होय.

याचा बागाईतदारास काय उपयोग? एक टक्का बोर्डो मिश्रणास १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद व १ किलो कळीचा चुना घेतात. ही मात्रा निळ्या खड्यांची आहे. उघड्यावर, उन्हात व कोरड्या हवेत पडून राहिलेल्या खड्यांवर पांढुरकी भुकटी धरते, कारण त्यांतील काही पाणी निघून गेलेले असते. अशा मालाच्या तेवढ्याच वजनात तांबे अधिक असते व चुन्याशी त्याचे प्रमाण बिघडते. पाणी पूर्णपणे गेले तर १ किलो खड्यांचे काम सुमारे ६४० ग्रॅम भुकटीनेच होईल. यास्तव मोरचूद झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात, मुलांच्या व जनावरांच्या आवाक्याबाहेर ठेवावे.

उदाहरण तिसरे : अर्ध्या आकड्याची फसगत

खताच्या पोत्यावर स्फुरद म्हणून जे टक्के छापतात, ते निव्वळ स्फुरदाचे नसून त्याच्या ऑक्साइडाचे असतात. या ऑक्साइडात स्फुरद ४३.७ टक्के व ऑक्सिजन ५६.३ टक्के असतो. हिशेब करू :

स्फुरद : ४३.७ ÷ ३१ = १.४१
ऑक्सिजन : ५६.३ ÷ १६ = ३.५२

लहान संख्येने भागता स्फुरद १ व ऑक्सिजन २.५ येतो. येथे पुष्कळांची चूक होते. अडीचचे तीन किंवा दोन करावयाचे नसतात, कारण तेवढा मोठा फरक वजनाच्या चुकीने पडत नाही. दोन्ही संख्यांस २ ने गुणावे. स्फुरद २ व ऑक्सिजन ५ हे खरे प्रमाण होय. ५० किलोच्या ज्या सुपर फॉस्फेटावर १६ टक्के लिहिलेले असते, त्यात ८ किलो ऑक्साइड, म्हणजे सुमारे ३.५ किलो निव्वळ स्फुरद असतो. माती परीक्षणाचा अहवाल व पोत्यावरील टक्के यांची तुलना करताना दोन्ही आकडे एकाच रूपात आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.

दोन पोत्यांचा उलगडा

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. जस्ताच्या अभावाचे महत्त्व भारतातील शेतकऱ्यांस विशेषतः भातावरील खैरा रोगामुळे कळून आले. हा रोग कोणत्याही जंतूमुळे नसून जस्ताच्या कमतरतेमुळे होतो, हे पंतनगर येथे डॉ. वाय. एल. नेने यांनी १९६६ मध्ये दाखवून दिले. तेव्हापासून झिंक सल्फेटाचा वापर वाढत गेला.

दोन्ही प्रकारच्या शुद्ध पदार्थांचे पृथक्करण असे येते. पहिल्यात जस्त २२.७, गंधक ११.१, सल्फेटातील ऑक्सिजन २२.३ व पाणी ४३.९ टक्के. दुसऱ्यात जस्त ३६.४, गंधक १७.९, ऑक्सिजन ३५.७ व पाणी १०.० टक्के.

पहिल्याचे भागाकार ०.३४७, ०.३४७, १.३९४ व २.४३९ असे येतात. लहान संख्येने भागता जस्त १, गंधक १, ऑक्सिजन ४ व पाणी ७. दुसऱ्याचे भागाकार ०.५५७, ०.५५९, २.२३१ व ०.५५६ येतात, म्हणजे जस्त १, गंधक १, ऑक्सिजन ४ व पाणी १. मीठ तेच, एकात पाण्याचे सात रेणू, दुसऱ्यात एक. टक्क्यांतील सारा फरक या सहा रेणूंचा आहे. अशुद्धीची सवड ठेवून किमान प्रमाण अनुक्रमे २१ व ३३ टक्के धरलेले आहे.

तेव्हा पहिल्या प्रकारच्या १०० किलो मालात जवळजवळ ४४ किलो पाणी असते. ही फसवणूक नव्हे. तो त्या स्फटिकाचा स्वभाव आहे. मात्र दर व मात्रा ठरविताना ते विसरून चालणार नाही. एखाद्या शेतास ७ पाण्याचे झिंक सल्फेट हेक्टरी २५ किलो देण्याची शिफारस असेल, तर त्यातून ५.२५ किलो जस्त मिळते. तेवढेच जस्त १ पाण्याच्या प्रकारातून मिळण्यास १६ किलो पुरतात. ज्याने ३३ टक्क्यांचा माल घेऊन २५ किलो घातला, त्याचे ९ किलो खत व्यर्थ गेले. आणि ज्याने २१ टक्क्यांचा माल घेऊन १६ किलोच घातला, त्याच्या पिकास एक-तृतीयांशाहून अधिक जस्त कमी पडले.

दराचाही असाच विचार करावा. उदाहरणादाखल, पहिला प्रकार किलोस ६० रुपये व दुसरा ९० रुपये असेल, तर पहिल्यातील जस्त किलोस सुमारे २८६ रुपयांस पडते व दुसऱ्यातील सुमारे २७३ रुपयांस. दिसावयास महाग असलेला माल येथे स्वस्त ठरतो. आपल्या बाजारातील दर घेऊन हा भागाकार प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

भेसळ कशी उघडी पडते

झिंक सल्फेटात मॅग्नेशियम सल्फेटाची भेसळ होत असल्याचे आढळते. त्याचेही सूत्र मॅग्नेशियम १, गंधक १, ऑक्सिजन ४ व पाणी ७ असेच असून स्फटिकही पांढरे असतात. नुसत्या डोळ्यांनी भेद कळत नाही; परंतु हिशेबाने कळतो. निम्मी भेसळ असलेल्या नमुन्यात जस्त ११.४ व गंधक १२.१ टक्के सापडेल. भागाकार ०.१७४ व ०.३७८ येतील, म्हणजे जस्त १ ला गंधक २.१७. शुद्ध झिंक सल्फेटात हे प्रमाण एकास एकच असावयास हवे. अणू असे पावणेसव्वा जुळत नसतात. तेव्हा हा एक पदार्थ नसून मिश्रण आहे, असे ओळखावे.

गावात करण्याजोगी एक साधी परीक्षाही आहे. नमुन्याच्या द्रावणात कॉस्टिक सोड्याचे द्रावण थेंबथेंब घातले असता दोन्ही पदार्थांत पांढरा साका येतो. सोड्याचे द्रावण आणखी घालून ढवळत गेल्यास जस्ताचा साका विरघळतो. मॅग्नेशियमचा विरघळत नाही. कॉस्टिक सोडा त्वचेस व डोळ्यांस अपायकारक असल्याने ही परीक्षा कार्यकर्त्यानेच हातमोजे व चष्मा घालून करावी. ही परीक्षा केवळ संशय दृढ करण्यापुरती आहे. निर्णय प्रयोगशाळेचाच असतो. म्हणून पक्की पावती व पोते जपून ठेवून खत निरीक्षकाकडे तक्रार करावी.

प्रायोगिक सूत्राच्या मर्यादा

प्रायोगिक सूत्र अणूंचे प्रमाण सांगते. एका रेणूत अणू प्रत्यक्ष किती आहेत, हे सांगत नाही. वर पाहिलेल्या स्फुरदाच्या ऑक्साइडाचा खरा रेणू दुप्पट, म्हणजे स्फुरद ४ व ऑक्सिजन १० असा असतो. तसेच अणूंची मांडणीही त्यावरून कळत नाही. जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख व्होलर यांनी १८२८ मध्ये अमोनियम सायनेटापासून युरिया तयार केला. या दोन्ही पदार्थांचे प्रायोगिक सूत्र एकच, तरी पदार्थ भिन्न. म्हणून सूत्राबरोबर पदार्थाचे गुणधर्मही तपासावे लागतात.

अभ्यासासाठी

१. जिप्सम : कॅल्शियम २३.३, गंधक १८.६, ऑक्सिजन ३७.२, पाणी २०.९ टक्के.

२. अमोनियम सल्फेट : नत्र २१.२, हायड्रोजन ६.१, गंधक २४.२, ऑक्सिजन ४८.५ टक्के.

उत्तरे : (१) कॅल्शियम १, गंधक १, ऑक्सिजन ४, पाणी २. (२) नत्र २, हायड्रोजन ८, गंधक १, ऑक्सिजन ४.

समारोप

शेतकरी धान्य विकताना त्यातील ओलावा व्यापारी तपासून घेतो. मग खत विकत घेताना त्यातील पाणी शेतकऱ्याने का तपासू नये? कार्यकर्त्यांनी आपल्या गावातील पुढच्या बैठकीत झिंक सल्फेटाची दोन रिकामी पोती समोर ठेवावीत, टक्के मोठ्याने वाचावेत व २५ किलो आणि १६ किलो यांचा हिशेब शेतकऱ्यांकडूनच फळ्यावर करवून घ्यावा. पोत्यावरील नाव पाहून खत घेण्याऐवजी टक्के पाहून घेण्याची सवय एवढ्यानेही लागू शकेल.